‘लपवायला काही नाही ना? मग फोन उघडून दे’ – हे कुठल्या कलमात लिहिलंय?

मांडवीकाठ
काल ‘भाटकार’ यांनी इथे टाकलेला सल्ला दुपारपर्यंत गोव्यातल्या अर्ध्या बार्देश तालुक्यात फिरला. थोडक्यात असा: फेसबुकवरच्या मजकुरावरून पोलिसांनी बोलावलं तर मुकाट जावं, फोन उघडून द्यावा, पासवर्ड सांगावा, नव्या संहितेच्या ९४ कलमाने ते बंधनकारक आहे, नाही म्हणाल तर तिथल्या तिथे अटक. शेवटी नेहमीची फोडणी: लपवायला काही नाही ना, मग घाबरता कशाला?

राहवत नाही म्हणून लिहितो. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, ९४ सांगतं की दस्तऐवज किंवा वस्तू हजर करा. त्यात आता डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्काची साधनं घातली आहेत, म्हणजे फोन. फोन ही वस्तू आहे, डोक्यातला सहा आकडी क्रमांक ही वस्तू नव्हे. आणि गंमत बघा, १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे कलम ९४ च होतं. त्याच ९४ वर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने श्यामलाल चोक्सी प्रकरणात (१९६४ चा निकाल) सांगितलं की ते आरोपीला लागू नाही. मधे ते ९१ झालं, आता फिरून मूळ आकड्यावर आलं. निकाल मात्र जागचा हललेला नाही.

पुढे घटनेचं २०(३): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. बोटाचे ठसे, हस्ताक्षर देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे काठी कालू ओघड निकालात ११ न्यायाधीशांनी १९६१ मध्येच ठरवलं. मनातली माहिती जबरदस्तीने काढता येत नाही, हे २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को आणि पॉलिग्राफच्या निमित्ताने ठरवलं. पासवर्ड या दोहोंत कुठे बसतो ते ज्याचं त्याने बघावं.

अटकेचंही तसंच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी त्याच संहितेच्या ३५(३) ची, हजर राहा सांगणारी नोटीस. ती पाळणाऱ्याला अटक करायची तर कारण लिहून काढावं लागतं. आणि ती नोटीस व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती नोटीसच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अंतिल प्रकरणात सांगितलंय. सल्ले देताना निदान कलम तरी उघडून बघावं.

भाटकार
वकिलांची पोटं यावरच चालतात म्हणून राग येणं समजू शकतो. माझा सल्ला साध्या माणसासाठी होता. साधा माणूस १९६१ चा निकाल खिशात घालून ठाण्यात जाणार आहे का? ‘२०(३)’ म्हटलं की त्याला बाकावर संध्याकाळपर्यंत बसवतील. दोन मिनिटांत फोन दाखवून घरी जेवायला गेलेलं काय वाईट?

खाकी_निवृत्त
मांडवीकाठ यांनी अर्धंच ताट वाढलंय. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात काय म्हटलं? पासवर्ड देणं ही साक्ष नव्हे, तपास अधिकारी तो मागू शकतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ कलम? सांकेतिक माहिती उघडून देण्यास मदत न करणाऱ्याला सात वर्षं. हे लपवून ‘डोक्यातला क्रमांक ही वस्तू नव्हे’ म्हणायचं, आणि टाळ्या घ्यायच्या.

दुसरं, पासवर्ड मिळाला आणि त्यातून पुरावा सापडला तर साक्ष अधिनियमाच्या २३ कलमाचं परंतुक आहे, म्हणजे जुनं २७. शोध लागला तेवढा भाग ग्राह्य. बेकायदा मिळवला म्हणून पुरावा बाद होत नाही, हे मलकानी (१९७२) आणि पूरणमल (१९७३) या निकालांपासून चालत आलंय. अमली पदार्थांच्या तपासात सगळा व्यवहार फोनमध्ये असतो. तपास अधिकाऱ्याने मग काय कौल लावायला जावं?

मांडवीकाठ
खन्ना निकाल पूर्ण वाचा. अधिकारी ‘मागू’ शकतो, पण फोन तपासायला वॉरंट लागतं असंही त्यातच आहे. तातडी असेल तर कारण लिहून ठेवावं लागतं. शिवाय तो एका न्यायाधीशाचा निकाल आणि तोही कर्नाटकाचा. पोळेंचा सीमानाका ओलांडून इकडे आला की त्याला फक्त मान मिळतो, बंधनकारक होत नाही. उलट बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जामिनाच्या प्रकरणात म्हटलंय की पासवर्ड सांगण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही. तोही आपल्यावर बंधनकारक नाही, हे मी स्वतःहून सांगतो. तुम्ही सांगितलं नव्हतंत.

६९ चा बागुलबुवा उगाच दाखवू नका. तो आदेश पीआय काढत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे तो केंद्रीय किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लागतो, लेखी, कारणांसकट. ठाण्यात टेबलापलीकडून ‘सात वर्षं बसशील’ म्हणणं म्हणजे ६९ नव्हे.

मलकानी, पूरणमल खरे. पण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात बेकायदा टॅप केलेलं संभाषण नष्ट करायला लावलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या पुट्टस्वामी निकालाचा आधार घेऊन. पर्वरीचं गोवा खंडपीठ त्याच न्यायालयाचं आहे, हे विसरू नये.

खाकी_निवृत्त
विनीत कुमारमध्ये गृहखात्याचे आदेशच कायद्यात बसत नव्हते. फोन टॅप करणं वेगळं, जप्त फोन उघडणं वेगळं. सोयीचं तेवढं उचलायची सवय जुनीच दिसते.

हॅशवाला
दोघेही भांडा, पण ज्यावरून भांडताय ते कुलूप तुमची वाट बघत थांबत नाही. आयफोन ४८ तास उघडला नाही की चेहरा, बोट काही चालत नाही, आकडाच मागतो. बंद करून चालू केला तरी तेच. पाच वेळा बोट जुळलं नाही तरी तेच. अँड्रॉइडही रीस्टार्टनंतर आधी आकडा मागतो. म्हणजे ‘बोट घेता येतं, आकडा घेता येत नाही’ हा तुमचा सुंदर वाद बहुतेक जप्तीत दोन दिवसांत संपतो, आणि तोवर फोन मुद्देमालाच्या कपाटात बॅटरी संपून पडलेला असतो.

बंद होऊन चालू झालेला आणि एकदाही न उघडलेला फोन हे वेगळंच प्रकरण. आतल्या बहुतेक फायलींची किल्ली तेव्हा स्मृतीत नसतेच. प्रयोगशाळेत कितीही महागडं यंत्र असो, हाती फार थोडं लागतं. म्हणून फोन चालू असेल तर चालूच ठेवायचा, विमान मोडवर टाकायचा, लहरी अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत घालायचा, सोबत पॉवर बँक. पिशवीत टॉवर शोधत बसला तर बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून आधी विमान मोड. हे होत नाही. होतं काय, तर कागदी लखोटा, लाख आणि ‘एक काळ्या रंगाचा मोबाईल’.

मांडवीकाठ
‘बोट घेता येतं’ हेही इतकं सरळ नाही. संहितेच्या ३४९ खाली दंडाधिकारी ठशाचा नमुना द्यायला सांगू शकतो. नमुना म्हणजे जुळवून बघण्यासाठी. कुलूप उघडायला बोट दाबून घेणं म्हणजे नमुना नव्हे. दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये बोट चालेल, पासवर्ड नाही असं म्हटलं, पण ते सत्र पातळीवरचं.

बाकी हॅशवाला बरोबर बोलतायत, नाइलाजाने मान्य.

केपेंची_ताई
सगळं आरोपीच्या बाजूने चाललंय. जिचे फोटो फिरवले त्या मुलीच्या फोनचं काय? तक्रार द्यायला गेली की पहिला तिचाच फोन ठेवून घेतात. तो परत कसा मिळतो? तिची खासगी माहिती ही खासगी नव्हे का? माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७अ (खासगी, लैंगिक चित्रं फिरवण्याबद्दलची कलमं) लावायचं राहतं बाजूला, तिच्या पाच वर्षांच्या चॅट कोण बघतंय याचा पत्ता नाही.

हॅशवाला
ताई, पूर्ण फोन देण्याची गरज बहुतेकदा नसते. तो एक धागा, त्या फायली, एवढंच काढून घेता येतं. पण ते नीट करावं लागतं, आणि इथेच सगळे स्क्रीनशॉट काढून मोकळे होतात.

स्क्रीनशॉट म्हणजे पडद्याचा फोटो. त्याची हॅश, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, काढलीत तर ती त्या फोटोची हॅश, संदेशाची नव्हे. मूळ चित्र हवं असेल तर आलेली फाइल फोनच्या फोल्डरमधून जशीच्या तशी उचला. ती पुन्हा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत की दाबली जाते, आतली तारीख-जागेची माहिती गळते आणि हॅश बदलते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलीत तर फाइल तशीच राहते. एसएचए-२५६ ची हॅश ६४ अक्षरांची असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळीच्या सगळी वेगळी येते. विंडोजवर ‘सर्टयूटिल’ आज्ञेने अर्ध्या मिनिटात निघते, पैसे पडत नाहीत.

चॅट ‘एक्स्पोर्ट’ केली तर माध्यमांसकट शेवटचे १० हजार संदेशच येतात, माध्यमांशिवाय ४० हजार. जुनं भांडण असेल तर नेमकं सुरुवातीचं गळतं. आणि पाठवणारा ‘सर्वांसाठी डिलीट’ दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळापर्यंत करू शकतो, स्टेटस तर २४ तासांत जातं. म्हणून आधी दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा: पडद्यावर संपर्क उघडा, नंबर दिसू दे, मग वर-खाली सरकवत संदेश, तारखेसकट. मग बाकीचं.

खाकी_निवृत्त
आणि साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं, डिजिटल पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र कोण देणार? तुमचा सर्टयूटिल?

हॅशवाला
तेच सांगत होतो. २०२४ च्या १ जुलैपासून प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत. भाग अ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), आणि कुठल्या पद्धतीने हॅश काढली त्यावर खूण. लोक अजून जुन्या साक्ष कायद्यातल्या ६५ब चा एक परिच्छेद टाइप करून सही ठोकतात. हॅशचा रकाना रिकामा. काही महाभाग तर दोन्ही भागांवर एकच सही करतात.

मांडवीकाठ
एक भर. मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात, म्हणजे जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, हे स्पष्ट केलंय. प्रमाणपत्र आधी राहिलं असेल तर खटला संपेपर्यंत देता येतं, समोरचा देत नसेल तर न्यायालयाकडून मागवता येतं. त्यामुळे ‘प्रमाणपत्र नाही, खटला उडाला’ म्हणून पेढे वाटायची घाई करू नये. बचावाचे वकीलसुद्धा ही चूक करतात.

खाकी_निवृत्त
‘बचावाचे वकीलसुद्धा’! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

सत्तरीकार
हॅश, आयएमईआय सगळं ठीक. मूळ मजकूर कुठल्या भाषेत होता आणि एफआयआरमध्ये कुठल्या भाषेत गेला ते विचारत नाही कोणी. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा, मराठीचाही शासकीय वापर. आणि ठाण्यातला एफआयआर? इंग्रजीत. लोक फेसबुकवर लिहितात रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत नाहीतर मराठी-कोकणी मिसळून. भाषांतर करतो कोण, तर टेबलावर त्या वेळी जो असेल तो.

‘रे मेल्या, तुका दाखयतां!’ हे म्हापशाच्या बाजारात दिवसाला पन्नास वेळा ऐकू येतं. याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून बघा. ‘मेलेल्या माणसा, तुला दाखवतो.’ लागलं न्याय संहितेचं ३५१, गुन्हेगारी धाकदपटशा. मराठी आईसुद्धा पोराला ‘मेल्या’ म्हणते.

भाटकार
आला भाषावाद. धागा कुठलाही असो, सत्तरीकार यांची गाडी १९८७ च्या स्टेशनावरच थांबते. उद्या विजेच्या बिलाच्या धाग्यावरही राजभाषा निघेल.

सत्तरीकार
बिल इंग्रजीत आलं तर निघेलच. ज्यांना मराठी शाळेची लाज वाटते त्यांनी मराठीत धागे कशाला वाचावेत?

भाटकार
माझी शाळा काढायचं कारण नाही. मुद्दा असेल तर बोला.

मांडवीकाठ
दोघांनीही हात आवरा. सत्तरीकार यांचा मुद्दा खरं तर या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे, फक्त ते दरवेळी तो शिवी देऊन मांडतात.

शब्दावरून गुन्हा असतो तेव्हा शब्द हाच मुद्देमाल. इम्रान प्रतापगढी प्रकरणात (२८ मार्च २०२५) सर्वोच्च न्यायालयाने आधी ती उर्दू कविता काय म्हणते ते वाचलं, अर्थ लावला, मग जामनगरचा एफआयआर रद्द केला. त्याच निकालात सांगितलंय की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या शब्दांवरच्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य: उपअधीक्षकाची परवानगी, १४ दिवस, मग ठरवा. कोल्हापूरकडच्या प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर १५३अ (गटांत तेढ पसरवणं) लावलं होतं, तेही मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झालं. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र नकार दिला होता, हे आपण लपवू नये. आणि मोजमाप कोणतं लावायचं? कणखर, समंजस माणसाचं, कमकुवत मनाच्या माणसाचं नव्हे. हे नागपूर उच्च न्यायालयाने १९४६ मध्येच सांगितलं होतं आणि सर्वोच्च न्यायालय अजून तेच वापरतं.

तेव्हा पंचनाम्यात मूळ मजकूर मूळ लिपीत, अक्षर न बदलता घ्यायला सांगा. रोमीत असेल तर रोमीत, चुकलेल्या स्पेलिंगसकट. भाषांतर वेगळ्या कागदावर, भाषांतर करणाऱ्याच्या सहीने. म्हणजे उलटतपासणीत त्याला विचारता येतं, ‘मेल्या’चा अर्थ काय.

भाटकार
कविता, प्राध्यापक, सगळे सुटले म्हणून सांगा. इथे देव-संतांवर बोललं की रस्ते अडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या डीएनए चाचणीच्या मागणीवरून मडगावात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. डिचोलीत ती मागणी करणाऱ्या सुभाष वेलिंगकरांवर २९९ (धार्मिक भावना दुखावणं) लागलं म्हणून गोवा शांत झाला. पोलिसांनी १४ दिवस प्राथमिक चौकशी करत बसायचं होतं?

मांडवीकाठ
२९९ ला ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द आहेत. १९५७ च्या रामजीलाल मोदी निकालात जुनं २९५अ टिकलं ते याच शब्दांमुळे. जमाव किती मोठा हे कलमात नाही. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या २१७ खाली सरकारची मंजुरी नसेल तर न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे एफआयआर एका रात्रीत, मंजुरीची फाइल तशीच पडून. त्या काळात फोन कुणाकडे असतो? पोलिसांकडे. शिक्षा तीच.

हे मी वेलिंगकरांसाठीही म्हणतो आणि २०१४ मध्ये नरेंद्र मोदींवरच्या फेसबुक टिप्पणीवरून ज्या गोमंतकीय अभियंत्यावर १५३अ, २९५अ आणि ६६अ लावलं होतं त्याच्यासाठीही. तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी काय म्हटलं होतं ते आठवा.

खाकी_निवृत्त
६६अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं कलम, तर २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालाने गेलं. त्यानंतरही काही ठिकाणी लावत राहिले, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. हे मात्र खात्याच्या लाजेचं आहे. कारण साधं: कायद्याच्या छापील प्रतीत कलम तसंच असतं, ‘रद्द’ ही तळटीप. ठाणे अंमलदार तळटीप वाचत नाही.

केपेंची_ताई
मी विचारलं होतं फोन परत कसा मिळतो. त्याचं उत्तर कुठे आहे? ‘मेल्या’वर दहा उत्तरं आली.

मांडवीकाठ
ताई, चूक झाली. संहितेच्या ५०३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, खटला सुरू झाला असेल तर ४९७. आधार २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल: वस्तू ठाण्यात सडवायची नाही, फोटो-पंचनामा करून परत द्यायची. अर्जात लिहा की माहितीची प्रत काढून झाली आहे, उपकरणाची गरज उरलेली नाही. प्रत काढली नसेल तर ‘अमुक दिवसांत काढून परत द्यावा’ अशी मागणी करा. बिल आणि खोक्यावरच्या आयएमईआयचा फोटो जोडा. बिल नसेल तर प्रतिज्ञापत्र.

हॅशवाला
आणि देतानाच काळजी घ्या, ताई. सिम आणि मेमरी कार्ड काढून घेता येतं का विचारा. नाही म्हणाले तर तेही पंचनाम्यात क्रमांकासह. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून दोन्ही आयएमईआय लिहून घ्यायला लावा, दोन सिमच्या फोनला दोन असतात आणि एकच लिहितात. बॅटरी किती टक्के, पडद्यावरची वेळ आणि पंचांच्या घड्याळातली वेळ, फोन चालू की बंद. संहितेच्या १०५ खाली जप्तीचं चित्रीकरण होणं आवश्यक आहे आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं, तेव्हा चित्रीकरण कोणत्या फोनने झालं तेही लिहून घ्या.

खाकी_निवृत्त
एक वाक्य मीही सांगतो, मांडवीकाठ यांना आयतं कोलीत मिळेल म्हणून आधी बोललो नव्हतो. पंचनाम्यात शेवटी एक तयार ओळ असते: ‘सदर इसमाने पासवर्ड स्वखुशीने सांगितला.’ स्वखुशी नसेल तर त्या ओळीखाली सही करू नका. नाहीतर तुमचं २०(३) तिथेच संपलं, काठी कालू काय आणि सेल्वी काय.

मांडवीकाठ
इतका वेळ ९४, ६९, २३ असा पत्त्यांचा डाव मांडलात, आणि हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवलात?

खाकी_निवृत्त
तुम्ही विचारलंत कुठे? भाटकार, तेवढा सल्ला आता बदलून टाका. बार्देशात अजून फिरतोय.

भाटकार
बदलतो. पण ‘दोन मिनिटांत घरी’ हे ठेवणार.